जुन्या अ‍ॅम्बॅसेडरची गंजलेली कूलिंग सिस्टीम : बेळगावातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर मार्क २, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. इंजिन मूळचंच, १४८९ सीसीचं पेट्रोल, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा भाग) दोन्ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. मालक निवृत्त आहेत, टिळकवाडीत राहतात. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात, इथंही तेच म्हणतो. गाव निपाणीजवळचं, आणि गाडी वडिलांपासून त्या गावातच वापरलेली. पुढं बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. ती चालू करून बेळगावात आणली, तेव्हापासून काकांचं म्हणणं एकच : महिन्यातून एकदा गावी जाऊन यायचं, आणि ह्याच गाडीनं.

माझं काम उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मशीनिंगचं. गाडी माझ्याकडं थेट आली नव्हती. काकांचे मिस्त्री एक तुटका स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) आणि एक सडलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा फडक्यात गुंडाळून घेऊन आले, तिथून मी ह्यात आलो. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना ह्यातले निर्णय उपयोगी पडतील म्हणून प्रकरण सविस्तर मांडतो आहे. माणसं ओळखू येणार नाहीत एवढीच काळजी घेतली आहे.

अडचण

सपाट रस्त्यावर गाडी तासन्‌तास चाले. निपाणी सोडून तवंदी घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा वर सरके, माथ्यावर येईतो रेडिएटरच्या झाकणातून वाफ. थांबायचं, गार होऊ द्यायचं, पाणी भरायचं, पुढं निघायचं. बाहेर येणारं पाणी तांबूस, बोटांत चोळलं तर रवाळ लागे.

काकांनी आधीही एका ठिकाणी रेडिएटर उघडून, सळई मारून साफ करून घेतला होता. त्यानंतर थोडे दिवस गाडी घाट बिनतक्रार चढली, मग पुन्हा तेच. ह्या एका गोष्टीकडं कुणी नीट बघितलं नव्हतं. साफ केलेला रेडिएटर इतक्या लवकर तुंबत असेल, तर घाण दुसरीकडून येते आहे.

सल्ले मात्र भरपूर मिळाले होते. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका. जास्त दाबाचं झाकण बसवा. इलेक्ट्रिक पंखा लावा. अ‍ॅल्युमिनियमचा नवा रेडिएटर करून घ्या. आणि एका जुन्या ड्रायव्हरचा सल्ला : "काका, गाडी चालतीया न्हवं? मग कशाला उगाच उघडायलायसा?"

आधी तपासणी

मिस्त्रींनी काहीही विकत आणण्याआधी गाडी तपासायची ठरवली. ह्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय मला हाच वाटतो.

इंजिन तापायला पाण्याखेरीज इतर कारणंही असतात, ती आधी बाजूला काढायला हवीत. इग्निशनचं टायमिंग थोडं मागं होतं, ते जुळवलं. फरक पडला, पण किरकोळ. फॅन बेल्ट ठीक. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेल्याची शंका होती, म्हणून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. आकडे जवळपास सारखे. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं, तरी बुडबुड्यांची सलग धार नव्हती. गॅस्केट शाबूत.

मग इंजिन तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर आडवा-उभा फिरवला. जाळीचा खालचा बराच भाग आणि एक उभा पट्टा आजूबाजूपेक्षा पुष्कळ थंड. म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. अ‍ॅक्सिलरेटर वाढवला की खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जाऊन चपटा व्हायचा. त्याच्या आत आकार धरून ठेवणारी स्प्रिंग असते, ती गंजून तुकडे झाली होती. घाटात इंजिनाला पाणी हवं तेव्हाच पंपाची वाट बंद होत होती.

शेवटी ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडला. काहीच आलं नाही. कॉक पूर्ण काढला, तरी थेंब नाही. तार घालून खरवडलं तेव्हा आधी काळपट चिखल आला, मग पाणी. सगळं पाणी बादलीत काढून मोजलं, तर हँडबुकातल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीची जागा गंज आणि क्षारांनी धरली होती. मिस्त्री म्हणाले, "काका, रेडिएटरचा दोष न्हवं ह्यो. ब्लॉकात गाळ भरलाय."

असं का होतं

निपाणी, चिकोडी, रायबाग भागात बोअरचं पाणी सर्रास जड. वर्षानुवर्षं तेच गाडीत पडत गेलं. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर बाहेर पडतात आणि सगळ्यात गरम भिंतीवर बसतात, आंघोळीच्या बंबात बसतात तसेच. बी-सिरीज इंजिनात पंप पुढं, त्यामुळं मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती पाणी सगळ्यात संथ. गाळ तिथंच साचतो. क्षारांचा थर बिडाच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतो, म्हणून काटा बरा दाखवत असतानाही मागचा सिलिंडर आतून जास्त तापलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट धातूंची. एकाच पाण्यात बीड, पितळ, तांबं, डागातलं (सोल्डरिंगमधलं) शिसं-कथील आणि अ‍ॅल्युमिनियम. क्षारयुक्त पाणी वीज वाहून नेतं, आणि एकमेकांना जोडलेल्या दोन धातूंपैकी जो जास्त क्रियाशील तो झिजतो. इथं तो अ‍ॅल्युमिनियम. थर्मोस्टॅटचं हौसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, त्यातून जाणारे स्टड पोलादाचे, म्हणून हौसिंग आतून खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी स्टडभोवती घट्ट बसून त्याला जखडते. काका दर वेळी नवं पाणी भरत होते, आणि ताज्या पाण्यासोबत ताजा प्राणवायू येतो. गंजाला हाच खुराक लागतो.

पर्याय

थर्मोस्टॅट काढण्याला मिस्त्रींचा विरोध होता, माझाही. त्यानं इंजिन सकाळी थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये काळा चिकट साका होतो, आणि तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते.

जास्त दाबाच्या झाकणाचा मोह समजण्यासारखा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, इथं उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. गाडीवरचं मूळ झाकण ७ पौंडांचं, म्हणजे चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारं. ते नीट दाब धरत असेल तर उकळबिंदू १०९ च्या आसपास जातो. १३ पौंडांचं लावलं तर अजून वर. पण हा दाब पन्नास वर्षांच्या डागांवर, जुन्या होजवर आणि आतून पातळ झालेल्या पत्र्यावर येतो. जास्त दाबानं गाडी तापायची थांबत नाही, फुटण्याची जागा तेवढी बदलते. ७ पौंडांचंच नवं झाकण घ्यायचं ठरलं. जुन्याची रबरी कडा कडक झाली होती, ते धड ७ पौंडही धरत नव्हतं.

अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर हलका, थंडही चांगला करतो. पण ज्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतं, त्यात अजून अ‍ॅल्युमिनियम घालायचं? शिवाय पितळी टाकी गावोगावचा रेडिएटरवाला डाग देऊन दुरुस्त करतो. अ‍ॅल्युमिनियम फुटला तर टिग वेल्डिंगवाला शोधायचा. काकांनी इथं चटकन ठरवलं : मूळ पितळी टाक्या ठेवायच्या.

राहिला खरा प्रश्न. ब्लॉक कसा आणि किती साफ करायचा? गॅरेजमध्ये सर्रास वापरतात ते तीव्र अ‍ॅसिड झटपट काम करतं, पण ते गंजाबरोबर धातूही खातं, पितळातला जस्त काढून घेतं. सौम्य उपाय लिंबूसत्त्वाचा (सायट्रिक आम्लाचा), वेळ जास्त लागतो. आणि दोन्हींत धोका सारखाच आहे : जुन्या इंजिनात कुठं कुठं गंजच भोक बुजवून बसलेला असतो. तो काढला की गळती सुरू. म्हणून "साफ करूया, बघूया काय होतं" असं चालणार नव्हतं. गळण्याच्या जागा आधी उघडायच्या, मग साफ करायचं, असा क्रम ठरला.

काय केलं

रेडिएटर, होज आणि पंप काढले. पंपाची पाती कडांना खाऊन बोथट झाली होती, सीलखालच्या भोकातून पाणी झिरपल्याची खूण होती. ह्या इंजिनाचे पंप अजून बाजारात मिळतात, नवा घेतला. एवढंच बघितलं की पातं ओतीव आहे आणि पाती व बॉडीतलं अंतर जुन्यापेक्षा जास्त नाही. ते अंतर वाढलं तर पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही.

थर्मोस्टॅटचं हौसिंग मात्र हलेना. तीन स्टड, तीनही जखडलेले. हातोड्यानं वाजवलं असतं तर हौसिंग फुटलं असतं, किंवा स्टड हेडमध्ये तुटला असता. बरेच दिवस रोज गंज सोडवणारं तेल सोडलं, गॅसच्या ज्योतीनं हौसिंग तापवून गार होऊ दिलं. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं तापवण्या-गार करण्यात मधली भुकटी मोकळी होते. मग स्टडच्या डोक्यावर दोन नट एकमेकांवर आवळून, खालच्या नटानं स्टडच उलटा फिरवला. एक आला. दुसरा आला. तिसरा हेडच्या पृष्ठभागाशी तुटला.

इथं तीन वाटा होत्या. एक, तुकड्यात भोक पाडून उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर घालणं. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर पुढं ड्रिलही चालत नाही. दोन, हेड काढून माझ्याकडं आणणं. ते खात्रीचं, पण त्यासाठी शाबूत गॅस्केट उगाच मोडायचं आणि जुने हेड-स्टड हलवायचे. तीन, तुकड्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरणं आणि लाल असतानाच फिरवणं. वेल्ड बिडाला नीट धरत नाही, पोलादाला धरतं, आणि त्या आचेनं गंजाची पकडही सुटते. मी तिसरी वाट सुचवली. पहिला नट वेल्डसकट निखळला, नंतरच्या वेळी तुकडा फिरत बाहेर आला. हेडमधले आटे टॅपनं हलकेच साफ केले, शाबूत होते.

हौसिंगचा तोंडाचा भाग इतका खाल्ला गेला होता की गॅस्केट बसायला सलग कडाच उरली नव्हती. एका वेल्डरनं टिग करून बघितलं. जुन्या ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये पाणी आणि क्षार मुरलेले असतात, प्रत्येक ठिपक्यात बुडबुडे निघाले, मिलिंगवर तोंड घेतलं तर चाळण. तेव्हा माझ्या मनात आलं की आपण बेळगावात आहोत, मग बीडच का ओतू नये? उद्यमबागेत बिडाच्या फाउंड्र्या हाकेच्या अंतरावर आहेत. आणि बिडाचं हौसिंग बिडाच्या हेडवर बसलं तर अ‍ॅल्युमिनियमचा वादच मिटला.

जुनं हौसिंगच पॅटर्न म्हणून वापरलं. खाल्लेले भाग पुट्टीनं भरले, तोंडावर मशीनिंगपुरती जाडी वाढवली, बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं तेवढी वाढ बाहेरूनही धरली. आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा वेगळा केला. ओळखीच्या फाउंड्रीवाल्यांनी दिवसाच्या ओतकामाच्या शेवटी उरलेल्या रसात दोन नग ओतून दिले, त्यातला एक आतून निर्दोष निघाला. तोंड आणि थर्मोस्टॅटची खाच मी मशीनवर घेतली. स्टड नवे, साध्या मजबूत पोलादाचे, आट्यांना न जखडणारं ग्रीस. स्टेनलेसचे स्टड काकांना हवे होते, दिसायला छान म्हणून. पुढं कुणी पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचं हौसिंग लावलं तर स्टेनलेस त्याला साध्या पोलादापेक्षा लवकर खाईल, म्हणून नको म्हटलं. त्यांनी ऐकलं.

ब्लॉकच्या बाजूला कोअर प्लग असतात, ओतकामाची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या गोल चकत्या. बाहेरून रंगवलेल्या आणि धडधाकट दिसत होत्या. मिस्त्रींनी एकीवर पंच टेकवून हलकेच ठोकला तर पंच आरपार गेला. हाताला येणारे सगळे प्लग काढले. त्या भोकांतून बोट, तार आणि पाण्याची जोरदार धार घालून मागच्या सिलिंडरभोवतीचा गाळ काढला. किती निघाला ते बघायला काका शेजारच्यांना बोलावून आणत होते. प्लग नसते काढले तर तो गाळ कुठल्याच रसायनानं निघाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

मग बैठका घासून पितळेचे नवे प्लग सीलंट लावून बसवले. पंपाच्या जागी तात्पुरती पट्टी, बाहेर ड्रम आणि कूलरचा छोटा पंप. लिटरला साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी फक्त ब्लॉक आणि हेडमधून फिरवलं, रेडिएटर बाजूलाच ठेवला. पाणी काळं होईल तसं बदललं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारलं आणि साध्या पाण्यानं खळखळून धुतलं. आम्लातून निघालेलं उघडं बीड काही तासांत पुन्हा तांबडं होतं, म्हणून पुढची जोडणी आणि कूलंट (पाण्यात मिसळायचा गंजरोधक द्रव) त्याच दिवशी.

रेडिएटरवाल्यांनी दोन्ही टाक्यांचा डाग सोडवून जाळी दाखवली. बऱ्याच नळ्या आतून पातळ झाल्या होत्या, पुन्हा सळई मारली असती तर काही फुटल्या असत्या. जुन्या टाक्यांत तांबं-पितळेची नवी जाळी बसवली. जास्त ओळींची जाळी ते द्यायला तयार होते. ओळी वाढल्या की मागच्या ओळींपर्यंत वारा कमी पोचतो, आणि घाटात दुसऱ्या गियरवर वारा पंख्याचाच. मूळ जाडी ठेवली. नवे होज, खालच्यात नवी स्प्रिंग, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट. सुरुवातीच्या फेऱ्यांत वरच्या होजच्या तोंडाशी नायलॉनचा पायमोजा बांधला होता. त्यात चहाचा चमचाभर गंज अडकला, तो नव्या जाळीत गेला असता.

कूलंटचा निर्णय

काकांचा प्रश्न सरळ होता : "आता चांगलं पाणी भरलं तर पुरे न्हाई का?" पुरे नाही. राकसकोप जलाशयातून बेळगावला येणारं नळाचं पाणी बोअरपेक्षा मवाळ असलं तरी त्यात क्षार आहेतच. आणि बॅटरीचं शुद्ध पाणी एकटं भरलं तर क्षार बसणार नाहीत, पण गंज चढेलच. गंज थांबवतात ती कूलंटमधली रसायनं. जुन्या पद्धतीचा, सिलिकेट-फॉस्फेटवाला हिरवा कूलंट घेतला, कारण जुन्या डागांना तो मानवतो. तो दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, तारीख झाकणाजवळ लिहून ठेवली आहे. एक तृतीयांश कूलंट, दोन तृतीयांश बॅटरीचं पाणी. आपल्याकडं पाणी गोठत नाही, त्यामुळं निम्मं-निम्मं करायचं कारण नाही. ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) वाढलं की मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची ताकद उलट कमी होते.

एक सूचना कळकळीनं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतो. काढलेला कूलंट गटारात किंवा परसात ओतू नका, कुत्री आणि गुरं पितात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पोरं आणि जनावरांपासून लांब ठेवा.

परिणाम

कूलंट भरल्यावर पहिल्या आठवड्यात एका होजच्या क्लॅम्पशी हिरवा ओलावा दिसला. ग्लायकॉल साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीतून वाट काढतो, म्हणून हे अपेक्षित होतं. क्लॅम्प आवळल्यावर थांबलं. हातपंपानं ७ पौंडांचा दाब देऊन ठेवला, तो टिकला. आधी शहरात, मग हत्तरगीपर्यंत, आणि त्यानंतरच निपाणी. परतीला तवंदी घाटात काटा थोडा वर गेला आणि माथ्यावर पुन्हा खाली आला. वाफ नाही, थांबणं नाही. जाळीवर थर्मामीटर फिरवला तर वरून खाली तापमान एकसारखं उतरत जातं. मधे एकदा थोडा कूलंट काढून बघितला, हिरवा आणि स्वच्छ होता.

खर्चात सर्वांत मोठा वाटा जाळीचा. हौसिंगला पैशापेक्षा लोकांचा वेळ जास्त लागला.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या हौसिंगवर टिग करण्यात गेलेला वेळ वाचला असता. इतक्या खाल्लेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमवर वेल्ड न करता थेट नवा तुकडा ओतणं किंवा ठोकळ्यातून काढणं बरं. स्टडच्या बाबतीत तुटण्याची वाट न बघता तिसऱ्यालाही आधीच नट वेल्ड करून फिरवता आला असता. पहिले दोन सहज आल्यामुळं तोही येईल असं सगळ्यांनी धरलं.

एक निर्णय अजून उघडा आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनाच्या मागच्या प्लेटआड जो प्लग आहे, तो बदलला नाही. तिथं पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्री म्हणाले, क्लच काढायची वेळ येईल तेव्हा दोन्ही कामं एकदम करूया. माझं मत वेगळं होतं. बाजूच्या प्लगमधून पंच आरपार गेला, म्हणजे मागचाही त्याच वयाचा आणि त्याच पाण्यात भिजलेला. तो घाटात सुटला तर कूलंट क्षणात जाईल, आणि सेन्सरभोवती पाणीच नसल्यानं काटा खाली पडेल. बघणाऱ्याला वाटेल इंजिन गार झालं. काकांनी मिस्त्रींचं ऐकलं. गाडीही त्यांची, गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्चही त्यांचाच. तडजोड म्हणून काटा अचानक पडला तर लगेच इंजिन बंद करायचं हे त्यांनी मान्य केलं आहे, आणि प्रत्येक फेरीनंतर क्लच हौसिंगच्या खालच्या भोकाशी ते बोट लावून बघतात. अजून तिथं हिरवा ओलावा दिसलेला नाही. क्लच मात्र चढावर घसरायला लागला आहे, त्यामुळं गिअरबॉक्स ह्या पावसाळ्यात उतरेल असं दिसतं. पितळी प्लग आणून ठेवला आहे.